दोघींचं एक कार्ड

शुक्रवारी दुपारचे चार वाजले की लंडनच्या हापिसात एक प्रश्न डेस्कवरून डेस्कवर फिरायला लागतो. 'एनी प्लॅन्स फॉर द वीकएण्ड?' विचारणाऱ्याला उत्तरात फारसा इंटरेस्ट नसतो, हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर मी इमानेइतबारे सांगायचे, की शनिवारी कपडे धुणार, मग ईलिंग रोडवरून मेथी आणि कढीपत्ता आणणार आणि रविवारी डोंबिवलीला व्हिडिओ कॉल. समोरचा 'लव्हली!' म्हणून कॉफी आणायला निघून जायचा.

लव्हली कसलं डोंबल! परदेशात सोमवार ते शुक्रवार काही वाटत नाही. काम असतं, मीटिंगा असतात, ट्यूबमध्ये कुणाच्या तरी काखेत नाक खुपसून उभं राहायचं असतं. खरी परीक्षा असते शनिवारी सकाळी अकरा वाजता. एका घरात आम्ही चौघी, चार खोल्या, चारही दारं बंद. आणि मग एकदम लक्षात येतं, की काल संध्याकाळपासून आपण तोंडाने एक शब्दही बोललेलो नाही. तुमच्यापैकी जे 'ऑनसाइट' जाऊन आलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे आता जायच्या तयारीत आहेत, त्यांना कुकर आणि गोडा मसाला न्या असं सगळे सांगतात, या शनिवारबद्दल कुणी सांगत नाही.

मला त्या शनिवारातून बाहेर काढलं ते एका सोलापूरकरणीने, एका सेकंडहॅण्ड कॅमेऱ्याने आणि ब्रिटिश रेल्वेच्या एका कार्डाने.

'माझा काढू नको'

आमची भेट झाली २०२२च्या गणपतीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, डॉलिस हिलला त्यांची स्वतःची वास्तू आहे. गणपतीत तिथे जी गर्दी होते ती बघून क्षणभर वाटतं आपण दादरलाच उतरलो. मी नुकताच निकॉनचा जुना कॅमेरा घेतला होता, सोबत ५० एमएमची स्वस्तातली लेन्स. दिसेल त्याचे फोटो काढत सुटले होते. प्रसादाच्या रांगेत पुढे एक मुलगी होती, बाजूच्या खिडकीचा उजेड बरोब्बर तिच्या गालावर पडला होता. मी कॅमेरा वर केला आणि ती मागे वळली.

"काय करूलालीस गं? माझा काढू नको बाई!"

'करूलालीस' ऐकलं आणि मी ओळखलं. "सोलापूर?" तिने संशयाने विचारलं, "तुला कसं कळलं?" त्यानंतर आम्ही दोघी एक तास बाहेर पायरीवर बसून होतो. तेव्हापासून ती माझी 'सोलापूर' आणि मी तिची 'डोंबिवली'. तिच्या आईलाही माझं खरं नाव बरेच दिवस माहीत नव्हतं.

फोटो का नको, ते तिने तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगितलं. चार वर्षांपूर्वी घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली तेव्हा तिला एका स्टुडिओत नेलं होतं. फोटोग्राफरने आधी हनुवटी वर करायला लावली, मग खांदा तिरका, मग 'मॅडम थोडं हसा, दात नको'. आणि नंतर कॉम्प्युटरवर तिला गोरं केलं. थोडंथोडकं नाही, चांगलं दोन-तीन शेड! तो फोटो घेऊन पाहुणे आले आणि मुलाच्या मावशीने तिच्याकडे बघून, मग हातातल्या फोटोकडे बघून विचारलं, "ही धाकटी का?" तिला धाकटी बहीण नाही.

"त्या दिवसापासून ठरवलं, आपला फोटोच नको," ती म्हणाली. हसत हसतच म्हणाली. पण पुढचे सहा महिने कॅमेरा दिसला की तिचा चेहरा आपोआप तसाच व्हायचा. हनुवटी वर, ओठ मिटलेले, डोळे कुठेतरी लांब. आम्ही त्याला नाव ठेवलं, 'बायोडेटा फेस'.

दोन फोटो, तीस पौंड

इंग्लंडमधली रेल्वे महाग आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने तर भयंकरच महाग. पण तिथे 'टू टुगेदर' नावाचं एक रेलकार्ड मिळतं. दोन ठरलेली माणसं बरोबर प्रवास करत असतील तर तिकिटावर एक तृतीयांश सवलत. वीकएण्डला दिवसभर चालतं, इतर दिवशी सकाळी साडेनऊनंतर. आम्ही मार्च २०२३मध्ये काढलं तेव्हा वर्षाचे ३० पौंड होते, मार्च २०२५पासून ३५ झालेत. दोन लांबच्या ट्रिपांत पैसे वसूल.

गंमत म्हणजे या एका कार्डावर दोघांचेही फोटो शेजारी शेजारी असतात. बहुतेक लोक ते नवऱ्याबरोबर नाहीतर बॉयफ्रेंडबरोबर काढतात. खिडकीतल्या बाईंनी आमच्याकडे बघून गोड हसून 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हटलं. सोलापूरला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती प्लॅटफॉर्मवर जे हसत सुटली, ते ट्रेन सुटेपर्यंत हसतच होती. माझ्या कॅमेऱ्यात बायोडेटा फेस नसलेला तिचा पहिला फोटो आहे तो हा. फोकस सपशेल हललेला आहे. मी अजून डिलीट केलेला नाही.

मग दर दुसऱ्या शनिवारी आम्ही निघायला लागलो. डब्यात तिची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, माझ्याकडे थर्मासमध्ये चहा. कडक भाकरी हा प्रवासासाठी देवाने केलेला पदार्थ आहे असं माझं मत झालंय. मोडत नाही, खराब होत नाही, आणि शांत डब्यात ती चावताना जो आवाज होतो त्याने अख्खं ब्रिटिश सौजन्य पणाला लागतं. कुणीही वळून बघत नाही. सगळे जण मोठ्या प्रयत्नाने बघत नाहीत!

ढगांना नावं ठेवू नका

फोटोबिटो काढणाऱ्यांसाठी दोन शब्द. लंडनच्या ढगाळ हवेबद्दल आपण कायम रडतो, पण चेहऱ्याच्या फोटोला त्याच्यासारखा उजेड नाही. सबंध आकाश म्हणजे एक प्रचंड मोठा पांढरा पडदा होऊन जातं आणि डोळ्यांखाली, नाकाखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. आपल्याकडे भर दुपारी बाराच्या उन्हात लग्नाच्या पंगतीचे फोटो काढतात आणि सगळ्यांचे डोळे खोबणीत गेलेले दिसतात, त्याच्या अगदी उलट. अडचण एकच, डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये मात्र रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो.

दुसरं म्हणजे सेल्फी. हात लांब करून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं ते नाकाचा दोष म्हणून नव्हे. कॅमेरा इतका जवळ असतो की नाक त्याच्या जास्त जवळ आणि कान तुलनेने लांब पडतात. चार पावलं मागे जाऊन थोड्या लांब लेन्सने तोच चेहरा काढा, आपल्याला ओळखीचा वाटेल असा येतो. पण चार पावलं मागे जायला दुसरं माणूस लागतं ना! सेल्फी काढायला एकटं चालतं, पोर्ट्रेटला नाही.

आणि सोलापूरच्या निमित्ताने शिकले ती गोष्ट रंगाची. कोडॅक कंपनी रंगीत प्रिंट बरोबर येतोय की नाही हे तपासायला लॅबना नमुन्याची कार्डं द्यायची आणि वर्षानुवर्षं त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. साहजिकच तो चेहरा नीट आला की झालं, बाकीच्यांचं बघायला कोण बसलंय? आता कॅमेरे खूप सुधारले. तरी मागे पांढरंशुभ्र काही असलं की कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, आणि तो सगळंच काळोखं करून टाकतो. त्यात पहिला बळी सावळ्या चेहऱ्याचा.

हे प्रत्यक्ष दिसलं ते ऑक्टोबर २०२३मध्ये, सेव्हन सिस्टर्सला. लंडनहून सीफर्डला ट्रेनने जायचं आणि तिथून समुद्राच्या कडेने चालत सुटायचं. खडूचे उभे पांढरे कडे, लाटांसारखे एकामागून एक. (कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढू नका, हात जोडून सांगते. खडू ठिसूळ असतो आणि खालून पोखरलेला असतो. २०१७मध्ये एक परदेशी विद्यार्थिनी तिथे फोटोसाठी उडी मारताना खाली पडून गेली.) आम्ही खाली किनाऱ्यावर होतो. पहिल्या फोटोत कडे सुंदर आणि सोलापूर म्हणजे नुसती काळी आकृती.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली, आणि हनुवटी वर जायला लागली.

मी एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवलं. तिला कड्याकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे पांढऱ्या खडूवरून परतलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर यावा. एवढा मोठा रिफ्लेक्टर जगातल्या कुठल्याच स्टुडिओत नसेल. आणि स्क्रीनवर तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, दोन बोटांनी मोठं करून बघितलं. मग विचारलं, "उजळ केलंस?"

"उजेड वाढवला. रंग तोच आहे."

"फरक काय झाला मग?"

प्रश्न बरोबर होता. मी तिला तिचा स्वतःचा हात फोटोच्या शेजारी धरायला सांगितलं. हाताचा रंग आणि गालाचा रंग तंतोतंत एक. तिने दोन-तीनदा हात धरून बघितला, एकदा उलटा करूनही. मग म्हणाली, "आईला पाठव. आत्ता पाठव."

कलकत्त्याची बाई

सगळ्यात लांबची ट्रिप केली ती त्याच वर्षी मे महिन्यात, आइल ऑफ वाइट बेटावर. वॉटर्लूहून ट्रेन, मग लिमिंग्टनहून चाळीस मिनिटांची बोट, मग बस. हट्ट माझा होता. तिथे फ्रेशवॉटर गावात 'डिम्बोला' नावाचं घर आहे, ज्यूलिया मार्गारेट कॅमेरून या बाईचं. आता त्याचं म्युझियम केलंय. (दारात जिमी हेन्ड्रिक्सचा पुतळा आहे. त्याचा या बाईशी काडीचा संबंध नाही, तो १९७०च्या तिथल्या फेस्टिव्हलमध्ये वाजवून गेला म्हणून. सोलापूरने फोटो काढून घेतला तो त्याच्याच बरोबर.)

ही बाई जन्मली १८१५ साली आपल्या कलकत्त्यात. लग्नही तिथेच झालं. इंग्लंडला गेली ती १८४८ साली, आणि हातात पहिला कॅमेरा आला तो १८६३च्या डिसेंबरात, मुलीने आणि जावयाने भेट दिला म्हणून. तेव्हा वय ४८! आपण अठ्ठाविसाव्या वर्षी 'आता काय नवीन शिकायचं' म्हणतो. बाईने परसातलं कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून त्याचा स्टुडिओ केला. मॉडेल कुठून आणणार? शेजारीपाजारी, नातेवाईक, घरात काम करणाऱ्या मुली, जो सापडेल तो. मेरी हिलियर नावाची घरकाम करणारी मुलगी तिच्या फोटोंमध्ये पुन्हा पुन्हा येशूची आई म्हणून बसलेली दिसते. शेजारी राहणारा कवी टेनिसन राजकवी होता, त्यालाही सोडलं नाही. १८६५च्या एका फोटोत तो इतका विस्कटलेला आलाय की त्याने स्वतःच त्याला 'डर्टी मंक' नाव दिलं.

तेव्हाच्या तंत्रात काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो निघायचा आणि मिनिटं-मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागायचं. माणूस हलणारच. म्हणून तिचे फोटो किंचित धूसर आहेत, आणि त्या काळच्या जाणकारांनी त्यावरून तिला भरपूर झोडलं. पण तुम्ही कधी समोर उभं राहून बघा. इतका वेळ कुणीही खोटा चेहरा धरून बसू शकत नाही. पहिल्या मिनिटाला बायोडेटा फेस असेलही, तिसऱ्या मिनिटाला तो गळून पडतो.

सोलापूर मेरी हिलियरसमोर पुष्कळ वेळ थांबली. "हिला पगार किती देत असतील गं?" एवढंच म्हणाली. मला तो प्रश्न सुचलाच नव्हता.

तिथून आल्यावर मी फोटो काढायची पद्धत बदलली. आधी नुसता कॅमेरा मांडीवर ठेवून गप्पा मारायच्या, हापिसातल्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, आणि अर्ध्या तासाने मध्येच एखादा फोटो. पुढच्या वर्षी वसंतात नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत कॅमेरूनचं प्रदर्शन लागलं होतं, फ्रान्सेस्का वुडमन या अमेरिकन फोटोग्राफरबरोबर. तिकीट काढून दोनदा बघितलं. (एरवी तिथे प्रवेश फुकट आहे. तीन वर्षं दुरुस्तीसाठी बंद होती, जून २०२३मध्ये पुन्हा उघडली. हापिसातून थेट जाता येतं. शुक्रवारच्या त्या चार वाजताच्या प्रश्नाला माझ्याकडे आता उत्तर होतं!)

साठ दिवस

जून २०२४मध्ये सोलापूरच्या कंपनीने तिची अख्खी टीम बंद केली. एका मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल. तिकडे वर्क व्हिसा कंपनीला बांधलेला असतो. नोकरी गेली की होम ऑफिसचं पत्र येतं आणि त्यानंतर साधारण साठ दिवसांत दुसरी स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. साठ दिवस म्हणजे आठ शनिवार.

पहिले चार शनिवार आम्ही कुठेच गेलो नाही. ती लॅपटॉपवर अर्ज भरत बसायची, मी शेजारी बसून तिचा सीव्ही तपासायचे. कुणी स्पॉन्सरशिप म्हटलं की गप्प व्हायचं, कुणी तीन राऊंड घेऊन गप्प व्हायचं. पाचव्या शनिवारी तिने लॅपटॉप मिटला. "डोंबिवली, चल. कार्ड वाया चाललंय."

बॉक्स हिलला गेलो. लंडनपासून तासाच्या आत, जेन ऑस्टिनच्या 'एमा'मधली पिकनिक होते ती ही टेकडी. खाली छोटी नदी आहे आणि पलीकडे जायला पाण्यात दगड मांडलेत. तिथे बसून ती माझ्या कॅमेऱ्यातले जुने फोटो बघत होती. बघता बघता थांबली.

"तू कुठेयस?"

"म्हणजे?"

"यात तू कुठेयस? दीड वर्षात सगळीकडे मीच आहे. ट्रेनमध्ये मी, बोटीवर मी. तुझा एक फोटो त्या कार्डावर, आणि तोसुद्धा मशीनने काढलेला."

मोजायला बसलो तर खरंच, तिचे अकराशेच्या वर आणि माझे नऊ. त्यातल्या तीनात अर्धं डोकं. फोटो काढणाऱ्याचं हे असंच असतं, आणि घरी एकत्र राहताना त्याने बिघडत नाही. तुम्ही कसे दिसता, कसे बदललात, हे आईला माहीत असतं, शेजारच्या काकूंना माहीत असतं, कोपऱ्यावरच्या वाण्यालासुद्धा माहीत असतं. 'ताई, वाळलात हो' म्हणतो तो. लंडनमध्ये मला तसं म्हणणारं एकच माणूस होतं, आणि तिचं तिकीट आता बुक व्हायचं होतं.

उरलेले शनिवार कॅमेरा तिच्याकडे. मी तिला एवढंच सांगितलं, की जवळच्या डोळ्यावर फोकस कर, बाकी सगळं माफ. ती नेमका कानावर करायची. शेवटच्या आठवड्यात ब्रायटनला समुद्रावर तिने एक काढला. दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर मी बूट काढून बसलेय, वाऱ्याने केस तोंडावर आलेत, आणि मी तिला काहीतरी ओरडून सांगतेय. बहुतेक फोकसबद्दलच. डोळा चक्क शार्प आहे.

आईला पाठवला. आई एरवी माझ्या फोटोंवर 'छान' आणि एक गुलाब पाठवते. या वेळी फोनच आला. "किती दिवसांनी नीट दिसलीस गं. कुणी काढला?"

ऑगस्टमध्ये सोलापूर गेली. रेलकार्डावर पुढच्या मार्चपर्यंतची तारीख होती, पण एकटीला त्यावर सवलत नाही. नियमच आहे तसा, दोघींनी बरोबर असायला हवं. ते माझ्या पाकिटात राहिलं. कधी तिकीट तपासनीसाला चुकून तेच काढून दाखवते, मग दुसरं शोधते.

सोलापूर आता पुण्यात नोकरी करते. बायोडेटावर तिने सेव्हन सिस्टर्सचा फोटो लावायचं ठरवलं तेव्हा आत्याने विरोध केला, म्हणे मुलगी वाऱ्यात उभी आहे आणि साडी नाही. तिने तोच लावला. अजून कुठे जमलेलं नाही, पण 'ही धाकटी का' असं कुणी विचारलेलं नाही, हे ती मला दर फोनला बजावून सांगते.

जाताना मी तिला ती ५० एमएमची लेन्स दिली. त्यावर बसेल असा जुना कॅमेरा तिने पुण्यात शोधून काढला आणि रविवारी हापिसातल्या एका नवीन मुलीला घेऊन सिंहगडावर जाते. मुलगी भंडाऱ्याची आहे, पुण्यात कुणालाच ओळखत नाही. तिचे फोटो मला येतात. मुलगी अजून हनुवटी वर करूनच उभी असते, आणि फोकस अजून कानावरच असतो.